कर्बाचा ताळेबंद : जागतिक आणि प्रादेशिक हिशेबांचा मेळ

१. एका संज्ञेचे दोन अर्थ

इंग्रजीतील ‘कार्बन बजेट’ ही संज्ञा मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाला पहिल्याच पावलावर थांबावे लागते. ‘बजेट’ला मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द ‘अंदाजपत्रक’ हा आहे आणि अंदाजपत्रक नेहमी पुढच्या काळाचे असते. जे अजून घडावयाचे आहे त्याची ती तरतूद असते. जे घडून गेले त्याच्यासाठी मराठीने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत : रोजकीर्द, खतावणी, जमाखर्च, ताळेबंद. हवामानविज्ञानात मात्र ‘कार्बन बजेट’ हा एकच शब्दप्रयोग या दोन्ही अर्थांनी वावरतो. पहिल्या अर्थी तो ताळेबंद आहे : एका वर्षात वा दशकात किती कर्ब हवेत गेला आणि त्यातला किती समुद्राने, जंगलांनी, मातीने परत घेतला याची नोंद. दुसऱ्या अर्थी तो अंदाजपत्रक आहे : तापमानवाढ एका ठराविक मर्यादेत ठेवावयाची असेल तर मानवजातीला यापुढे किती उत्सर्जन करता येईल याची कमाल रक्कम.

हे दोन अर्थ वेगळे असले तरी परस्परांवर अवलंबून आहेत. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात मानवी व्यवहारांतून सुमारे २,३९० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात गेला. तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसवर रोखण्याची निम्मी शक्यता राखावयाची, तर २०२० च्या आरंभापासून पुढे सुमारे ५०० अब्ज टन एवढीच शिल्लक उरली होती. ही शिल्लक काढताना निसर्ग आपल्या वाट्याचे शोषण करीत राहील असे गृहीत धरलेले असते. ताळेबंदात चूक राहिली तर अंदाजपत्रकातील शिल्लकही चुकते. आणि ताळेबंद जगाचा एक व प्रदेशांचे अनेक असे लिहिले जात असतील, तर त्या सर्वांची बेरीज जुळते की नाही हा केवळ गणिताचा प्रश्न राहत नाही. कोणाच्या नावावर किती खर्च पडला आणि कोणाला किती जमा मिळाली याचा तो प्रश्न होतो.

प्रस्तुत लेखात हा मेळ कसा घातला जातो, तो कोठे अडतो आणि त्यात बंगळूरसारख्या एका शहरातील संस्थांचा वाटा कोणता, याचे विवरण करावयाचे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यातील काही पेच ओळखीचे वाटतील. विश्वसाहित्य आणि प्रादेशिक साहित्य यांत तुलनेचा घटक कोणता मानावा, व्याख्या कोणाची प्रमाण धरावी, दोन वाचनांतला भेद पाठातला की वाचकाच्या भूमिकेतला, हे प्रश्न येथे टन आणि टक्के यांच्या भाषेत पुन्हा उभे राहतात.

आरंभी एका मापाचा खुलासा आवश्यक आहे. काही अहवाल ‘कर्ब’ मोजतात, काही ‘कार्बन डायऑक्साइड’. एक टन कर्ब म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. दोन आकड्यांत साडेतीन-पावणेचार पटींचा फरक दिसला की वाद पेटण्यापूर्वी एकक तपासावे. अनेक मतभेद तेथेच संपतात.

२. जगाची वही

ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट हा आंतरराष्ट्रीय उपक्रम २००१ मध्ये स्थापन झाला. त्याच्या वार्षिक अहवालांत जगाचा जमाखर्च पाच ओळींत मांडलेला असतो. २०२३ च्या अहवालानुसार २०१३ ते २०२२ या दशकात दरवर्षी सरासरी ९.६ अब्ज टन कर्ब कोळसा, तेल, वायू व सिमेंट यांतून आणि १.३ अब्ज टन जमीन-वापरातील बदलांतून, मुख्यतः जंगलतोडीतून, बाहेर पडला. एकूण १०.९. यापैकी ५.२ अब्ज टन हवेत साठला, २.८ समुद्राने घेतला आणि ३.३ जमिनीवरील वनस्पती व माती यांनी घेतला. ही बेरीज ११.३ होते. दोन बाजूंत ०.४ अब्ज टनांची तफावत राहते. ती लपवली जात नाही, स्वतंत्र ओळीत छापली जाते.

हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही तफावत क्षम्य आहे, कारण ती एकूण रकमेच्या चार टक्क्यांच्याही आत आहे. पण हाच आकडा दक्षिण आशियाच्या बाजूने वाचला तर त्याचा अर्थ पालटतो. ०.४ अब्ज टन म्हणजे ४०० दशलक्ष टन. २००० ते २००९ या दशकात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि श्रीलंका या सहा देशांनी मिळून इंधनज्वलनातून दरवर्षी काढलेला कर्ब सुमारे ४४४ दशलक्ष टन होता. जगाच्या वहीत जी ‘किरकोळ तफावत’ ठरते, तिच्यात त्या काळच्या एका उपखंडाचे इंधन-उत्सर्जन जवळजवळ मावते. प्रादेशिक ताळेबंदाची गरज येथून सुरू होते. जगाची बेरीज बरोबर असणे पुरेसे नाही, कारण दोन प्रदेशांतील चुका एकमेकींना झाकूनही बेरीज बरोबर येऊ शकते.

३. वरून आणि खालून

प्रदेशाचा जमाखर्च काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली वरून खाली येणारी. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी मोजावयाचे आणि वाऱ्यांच्या गणिती प्रतिमानाच्या आधारे ती हवा कोठून आली, वाटेत तिच्यात काय मिसळले व काय गळाले, याचा उलट माग काढावयाचा. या रीतीला व्यस्त प्रतिमानन म्हणता येईल. पाठचिकित्सेशी परिचित असणाऱ्या वाचकाला तिचे स्वरूप चटकन कळेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी प्रांतोप्रांतीच्या पोथ्यांतील पाठभेदांवरून, पोथ्यांच्या प्रवासाचा विचार करून, मागच्या पाठाकडे जाण्याचा प्रयत्न केला. येथेही हाती असतात त्या विखुरलेल्या नोंदी, आणि शोधावयाचा असतो तो उगम.

या रीतीचा दुबळेपणाही पाठचिकित्सेसारखाच आहे. गणिताची सुरुवात एका पूर्वगृहीत अंदाजाने करावी लागते. मोजमापे भरपूर असतील तर ती हा अंदाज दुरुस्त करतात. ती विरळ असतील तर अंदाज जवळजवळ तसाच उत्तर म्हणून बाहेर येतो. जेथे पोथ्याच नाहीत तेथे संपादकाचा तर्कच पाठ बनतो.

दुसरी रीत खालून वर जाणारी. किती कोळसा जळला, किती सिमेंट भाजले गेले, जंगलात झाडांचा घेर किती वाढला, किती सरपण चुलीत गेले, भातखाचरांत किती दिवस पाणी साचले, नद्यांनी किती सेंद्रिय गाळ समुद्रात नेला, या साऱ्या खात्यांची स्वतंत्र मोजदाद करून बेरीज मांडावयाची. या रीतीत प्रत्येक नोंदीला जमिनीचा आधार असतो, पण चुकाही साचत जातात. शिवाय जे खाते उघडलेच नाही ते बेरजेत कधीच येत नाही. वरची रीत काहीही वगळत नाही, परंतु कारण सांगत नाही. खालची रीत कारण सांगते, परंतु काही वगळले की नाही हे तिला कळत नाही. म्हणून एकीला दुसरीची साक्ष लागते.

४. बंगळूर आणि किनाऱ्यावरचा किल्ला

बंगळूर हे या दोन्ही रीतींचे एक महत्त्वाचे ठिकाण आहे. तेथील सी-मॅक्स या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या गणितीय प्रतिमान केंद्राने फ्रान्समधील प्रयोगशाळेच्या सहकार्याने लडाखमधील हानले, पुदुच्चेरी आणि अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे हरितगृह वायूंची मोजणी उभी केली. हे केंद्र पुढे ‘फोर्थ पॅरॅडाइम इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. हानलेची नोंद २००५ मध्ये, पुदुच्चेरीची २००६ मध्ये आणि पोर्ट ब्लेअरची २००९ मध्ये सुरू झाली. हानले येथे जागा मिळाली ती भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेच्या आवारात, आणि ही संस्थाही बंगळूरचीच. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील तेथील हवा शहरे व शेते यांच्या तात्कालिक प्रभावापासून दूर असते. त्यामुळे ती मोठ्या भूभागाची पार्श्वभूमी सांगते. पुदुच्चेरी आणि पोर्ट ब्लेअर येथील हवेत मात्र ऋतूनुसार जमीन आणि समुद्र आलटूनपालटून बोलतात.

या मालिकेच्या आधीचे भारतीय साक्षीदार ठिकाण गोव्यात आहे. दक्षिण गोव्यातील काणकोण भागातील काब द राम किल्ल्याजवळ समुद्रावरच्या कड्यावर १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरली जाऊ लागली. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय विज्ञानसंस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता आणि बाटल्यांचे विश्लेषण ऑस्ट्रेलियात होत असे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे तेथे विषुववृत्तापलीकडची समुद्री हवा आणतात, तर हिवाळ्यात वारा उलटतो आणि उपखंडावरून आलेली हवा त्याच बाटलीत शिरते. एकाच कड्यावर वर्षातून दोन वेगळे पाठ वाचावयास मिळतात आणि त्यांच्यातील अंतरातून उपखंडाचा वाटा उमगतो. २००२ नंतर ही मालिका काही वर्षे खंडित झाली. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला.

एवढ्या मोठ्या देशासाठी ही ठिकाणे थोडी आहेत. उपग्रहांनी ही उणीव पुरती भरून निघत नाही. जपानचा गोसॅट २००९ पासून आणि अमेरिकेचा ओसीओ-२ हा २०१४ पासून वरून कार्बन डायऑक्साइड मोजतो, पण ढगांच्या आरपार त्यांना दिसत नाही. भारतात वनस्पती सर्वाधिक जोमाने वाढतात तो काळ नेमका ढगांचा असतो. ज्या महिन्यांत जमिनीच्या खात्यावर सर्वाधिक जमा पडते, त्याच महिन्यांत वही बंद असते.

खालून वर जाणाऱ्या रीतीचेही काम बंगळूरहून झाले आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरविज्ञान केंद्राने १९८८ मध्ये मुदुमलईच्या शुष्क पानझडी वनात रामन सुकुमार यांच्या पुढाकाराने ५० हेक्टरांचा कायमस्वरूपी अभ्यासखंड आखला. छातीच्या उंचीवर एक सेंटीमीटर वा त्याहून अधिक जाडीचे प्रत्येक खोड तेथे नोंदले जाते. वणवा, हत्ती, दुष्काळ यांनी झाडांच्या संख्येत केलेले बदल या वहीत दशकानुदशके साठत गेले. त्याच संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांनी सुरू केलेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने तुमकूर भागातील खेड्यांत ऊर्जेच्या वापराची घरोघर पाहणी केली. सरपण हे बहुतांशी गोळा केलेल्या काटक्या-फांद्यांचे असते, उभी झाडे तोडून आणलेले नसते, असे या पाहणीतून पुढे आले. दूर बसून हिशेब करणारा चुलीतला प्रत्येक किलो जंगलतोडीच्या खात्यावर टाकतो. गावात जाऊन पाहणाऱ्याला ते खाते वेगळे ठेवावे लागते.

कागदावरच्या साठ्याचा आणि रानातल्या साठ्याचा मेळ हा कर्बाच्याही आधीचा प्रश्न आहे. पुण्यात जन्मलेले आणि बंगळूरच्या परिसरविज्ञान केंद्राची उभारणी करणारे माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकातील, विशेषतः कारवार जिल्ह्यातील, बांबूचा अभ्यास हाती घेतला. कागद कारखान्यांना बांबू पुरवताना जे साठ्याचे आकडे प्रमाण धरले गेले होते, ते प्रत्यक्षाहून कितीतरी पट फुगलेले आढळले. बांबूच्या ऱ्हासाचा दोष ग्रामस्थांवर टाकला जात होता. पाहणीत असे दिसले की बांबूच्या बेटाभोवतीचे काट्यांचे कुंपण ग्रामस्थ राखीत होते, तर सरसकट तोडीत ते साफ केले जाई आणि कोवळे कोंब गुरांच्या तोंडी पडत. अंदाज चुकला की दोषही चुकीच्या दारी जातो, हा या अभ्यासाचा धडा कर्बाच्या हिशेबाला तंतोतंत लागू पडतो.

५. दक्षिण आशियाचा ताळा

ग्लोबल कार्बन प्रोजेक्टच्या ‘रेकॅप’ या उपक्रमाने जगाचे भूभाग व महासागर विभागून प्रत्येकाचा ताळेबंद दोन्ही रीतींनी मांडण्याचे ठरवले. पहिल्या फेरीचा काळ १९९० ते २००९ हा होता. पुढच्या फेरीत २०१० ते २०१९ हे दशक घेण्यात आले. पहिल्या फेरीतील दक्षिण आशियाचा ताळेबंद प्रबीर पात्रा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला.

वरून आलेले उत्तर असे : २००७-०८ या काळात या प्रदेशातील जीवसृष्टी दरवर्षी १०४ दशलक्ष टन कर्ब शोषून घेत होती, अधिकउणे १५०. या गणिताला प्रवासी विमानांवर बसवलेल्या उपकरणांच्या नोंदींचा मोठा आधार होता. खालून आलेले उत्तर : २००० ते २००९ या दशकात शोषण १९१ दशलक्ष टन, अधिकउणे १९३. दुसरा आकडा अशा प्रकारे बनला. वनस्पती व माती यांचे निव्वळ शोषण २२०. लागवड व जमीन-वापरातील बदल यांतून आणखी १४. नद्यांनी समुद्राकडे नेलेला सुमारे ४३ त्यातून वजा. शेत व रान यांच्या जळण्यातून बाहेर पडणारे ४४ दशलक्ष टन वेगळ्या खात्यात ठेवलेले आहेत. त्यात इंधनाचे ४४४ मिळवले की या प्रदेशातून हवेत जाणारा निव्वळ कर्ब २९७ दशलक्ष टन येतो.

हे दोन आकडे जुळतात काय? वरवर पाहता १०४ आणि १९१ यांत मोठे अंतर आहे. पण प्रत्येकाच्या त्रुटीची कक्षा त्या अंतराहून मोठी आहे, म्हणून ते परस्परविरोधी म्हणता येत नाहीत. दुसरे असे की वातावरणाला धूर आणि श्वसन यांचा भेद कळत नाही. ज्वलनाचे ४४ दशलक्ष टन खालच्या हिशेबात जीवसृष्टीच्याच खात्यावर टाकले, तर १९१ चे १४७ होतात आणि अंतर जवळजवळ निम्म्यावर येते. तिसरे, दोन्ही आकड्यांचे कालखंड सारखे नाहीत. मेळ घालणे म्हणजे एक आकडा खरा व दुसरा खोटा ठरवणे नव्हे. दोन्ही हिशेब कोणत्या सीमेत, कोणत्या काळात आणि कोणत्या व्याख्येने लिहिले गेले हे उलगडून, मग उरलेल्या फरकाकडे पाहणे म्हणजे मेळ घालणे होय.

त्याच वेळी दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. १०४ अधिकउणे १५० याचा अर्थ शोषण आहे की उत्सर्जन हेसुद्धा या एका रीतीने निश्चित होत नाही. येथे प्रमाणाच्याही आधी चिन्हाची अनिश्चितता आहे. धोरणकर्त्याच्या टिपणात हा आकडा जातो तेव्हा ‘अधिकउणे’ बहुधा वाटेत गळून पडते आणि एका अंदाजाचे वस्तुस्थितीत रूपांतर होते. अनुवादात शक्यतादर्शक क्रियापदाचे निश्चयदर्शक व्हावे, तसा हा अपघात आहे.

या ताळेबंदाच्या अखेरीस आणखी एक वळण आहे. प्रदेशातून बाहेर पडणाऱ्या मिथेनमधील ३७ दशलक्ष टन कर्ब मिळवला की एकूण ३३४ होतात. पण मिथेनची उष्णता रोखण्याची अधिक शक्ती लक्षात घेऊन वजन दिले, की तीच बेरीज १,१४८ होते. वस्तुस्थिती तीच राहते, फक्त वजनाचे परिमाण पालटले की प्रदेशाची प्रतिमा तिपटीहून अधिक गडद होते. यामुळेच मिथेनचा आकडा हा भारतात प्रथमपासून वादाचा विषय राहिला.

६. भातखाचरांचा वाद

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेतीतून दरवर्षी ३७.८ दशलक्ष टन मिथेन बाहेर पडत होता. हा आकडा मुख्यतः इतर देशांतील मोजक्या मोजमापांवर उभा होता. मिथेन तयार होतो तो सतत पाणी साचलेल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात. भारतातील भात मोठ्या प्रमाणावर पावसावर अवलंबून असतो, खाचरातले पाणी मधूनमधून ओसरते आणि मातीत सेंद्रिय कर्बही कमी असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभरच्या भातक्षेत्रांत मोजणीची मोहीम झाली. तिच्यातून आलेला अंदाज सुमारे ४ दशलक्ष टन होता, म्हणजे मूळ आकड्याच्या नवव्या हिश्शाच्या आसपास.

हा फरक केवळ तांत्रिक नव्हता. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या १९९०-९१ च्या अहवालाने मोठ्या उत्सर्जक देशांच्या यादीत भारताला वरचे स्थान दिले होते. १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याचा प्रतिवाद प्रसिद्ध केला. पोट भरण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच रकान्यात टाकता येणार नाही, आणि पृथ्वीच्या नैसर्गिक शोषणशक्तीवर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९२ च्या रिओ परिषदेपूर्वीच्या चर्चेत या प्रतिवादाला मोठे महत्त्व आले. खाचरात वाफ्याच्या कडेला पेटी ठेवून घेतलेली मोजमापे आंतरराष्ट्रीय वाटाघाटीच्या टेबलावर पोहोचली, ती अशी.

या वादाला पुढे वरून खाली येणाऱ्या रीतीची साक्ष मिळाली. उपग्रह, भूपृष्ठावरील केंद्रे आणि विमाने यांच्या नोंदी एकत्र करून अनिता गणेशन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की २०१० ते २०१५ या काळात भारताचे मिथेन-उत्सर्जन वर्षाला सुमारे २२ दशलक्ष टन होते आणि ते भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या आकड्यांशी सुसंगत होते. हा आकडा एकट्या भारताचा व मिथेनच्या मापातील आहे. आधीच्या विभागातील ३७ हा आकडा सहा देशांचा व कर्बाच्या मापातील होता. गुरे, कचरा, भात असे सारे मिळून जे २२ भरले, त्याच्याहून मोठा आकडा पूर्वी एकट्या भाताच्या नावावर लिहिला गेला होता. येथे प्रादेशिक मोजणीने जागतिक अंदाज दुरुस्त केला आणि नंतर वातावरणाने त्या दुरुस्तीला दुजोरा दिला.

७. ‘व्यवस्थापित’ या विशेषणाचे मोल

प्रत्येक वेळी मेळ प्रादेशिक बाजूच्या सोयीचाच निघतो असे मात्र नाही. जंगलांच्या खात्यावरून हे दिसते. राष्ट्रीय हरितगृह वायू नोंदीत ‘व्यवस्थापित’ म्हणून घोषित केलेल्या भूमीवरील सर्व शोषण मानवी प्रयत्नाचे फळ म्हणून त्या देशाच्या नावे जमा केले जाते. जागतिक प्रतिमाने मात्र हवेतील वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी झाडांची जादा वाढ नैसर्गिक शोषणात धरतात. जियाकोमो ग्रासी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की या एका व्याख्याभेदामुळे देशांच्या नोंदींची बेरीज आणि जागतिक प्रतिमाने यांत वर्षाला सुमारे ४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडचे अंतर पडते. त्यांच्या २०२१ च्या अभ्यासात हे अंतर सुमारे ५.५ अब्ज टन आले.

यातील धोका उघड आहे. उर्वरित ५०० अब्ज टनांची शिल्लक काढताना निसर्गाचे शोषण आधीच हिशेबात धरलेले आहे. तेच शोषण देशाने पुन्हा स्वतःच्या कामगिरीत दाखवले, तर एकच रक्कम दोन खात्यांवर जमा होते. कागदावर जग निव्वळ शून्याला पोहोचेल आणि हवेतले प्रमाण मात्र वाढतच राहील.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. २०३० पर्यंत अतिरिक्त वने व वृक्षाच्छादनाद्वारे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतकी जादा शोषणक्षमता निर्माण करण्याचे वचन भारताने २०१५ मध्ये दिले. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात देशातील वनांतील कर्बसाठा ७,२०४ दशलक्ष टन दिला आहे. पण या अहवालांत एक हेक्टर वा अधिक क्षेत्र आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही भूमी, मालकी व वापर कोणताही असो, वनाच्छादनात मोजली जाते. नारळाच्या वा आंब्याच्या बागाही त्यात येतात. परिसरविज्ञानाच्या दृष्टीने सह्याद्रीचे सदाहरित रान आणि निलगिरीची लागवड एक नाहीत. कर्बाच्या वहीत मात्र दोन्ही ‘वन’ या एकाच शब्दाखाली येतात. शब्दाची कक्षा जितकी रुंद, तितकी जमा अधिक. परिभाषा ही येथे धोरणाची पूर्वतयारी नसते, ती स्वतःच धोरण असते.

८. सीमा कोठे आखावी

सीमेचा प्रश्न शहराच्या पातळीवर अधिकच तीव्र होतो. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आणि बंगळूरने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपापला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि दोन्ही शहरांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट ठेवले. बंगळूरला वीज देणाऱ्या राज्याच्या जाळ्यात रायचूर व बळ्ळारी येथील औष्णिक केंद्रांची भर असते. तेथे जळणारा कोळसा रायचूरच्या खात्यावर लिहावयाचा की दिवा जेथे लागतो त्या बंगळूरच्या? हवा मोजणाऱ्या उपकरणाला धूर रायचूरवरच दिसेल. उपभोगाचा विचार करणारा हिशेब तो बंगळूरला लावील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण दोन्ही प्रश्न निराळे आहेत. चूक होते ती एकाच वेळी दोन्ही शहरांनी तो खर्च दुसऱ्याच्या नावे टाकला तर.

पॅरिस कराराने (२०१५) दर पाच वर्षांनी जागतिक आढावा घेण्याची पद्धत घालून दिली आणि पहिला आढावा २०२३ मध्ये दुबईत पुरा झाला. हा आढावा देशांनी स्वतः लिहिलेल्या नोंदींवर उभा असतो. त्या नोंदींना वातावरणाची स्वतंत्र साक्ष जोडल्याशिवाय तो परस्परविश्वासाच्या पलीकडे जात नाही. आणि ती साक्ष ज्या प्रदेशांत विरळ आहे, त्यांच्याविषयीचे उत्तर दुसऱ्याच्या पूर्वगृहीताने भरले जाते. भातखाचरांच्या प्रकरणात तसेच घडले होते. काब द राम, हानले, सिंहगड वा मुदुमलई येथील नोंदींचे महत्त्व त्यामुळे केवळ वैज्ञानिक नाही. ज्या देशाजवळ स्वतःची अखंड नोंद आहे, त्यालाच आपल्यावर आलेला आकडा नाकारण्याचा किंवा स्वीकारण्याचा अधिकार सप्रमाण बजावता येतो. त्याच नोंदीमुळे स्वतःच्या नावे दाखवलेली फुगवलेली जमा त्याला लपवताही येत नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून मेळ घालण्याच्या चार अटी स्पष्ट होतात. एकके, कालखंड आणि सीमा आधी समान कराव्यात. व्याख्याभेदातून आलेला फरक आणि मोजणीतून आलेला फरक वेगवेगळे दाखवावेत. प्रत्येक आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता धोरणाच्या मसुद्यापर्यंत पोहोचवावी. आणि प्रदेशात घेतलेल्या दीर्घ, अखंड नोंदींना जागतिक प्रतिमानांच्या बरोबरीचे प्रमाण मानावे.

जागतिक आणि प्रादेशिक हिशेबांत पूर्ण एकवाक्यता होईल अशी अपेक्षा बाळगण्याचे कारण नाही. पाठभेद संपले म्हणजे संपादन पुरे झाले असे होत नाही. कोणता भेद कोठून आला हे सांगता आले म्हणजे ते विश्वसनीय होते. जमाखर्चातही उरलेली तफावत हा दोष नाही. ती कोणत्या खात्यात, कोणाच्या नावे उरली आहे हे सांगता न येणे हा दोष आहे. मराठीने ‘अंदाजपत्रक’ आणि ‘ताळेबंद’ हे शब्द वेगळे ठेवले आहेत, त्या भेदाचा येथे प्रत्यक्ष उपयोग आहे. आधी ताळा जमवावा, मग तरतूद करावी, हा वहीखात्याचा साधा क्रम हवामान-धोरणालाही सोडता येणार नाही.